आधी तिचं, मग माझं

शिजलेल्या शेवाळाचा वास आला की मला अपराधी वाटतं, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. जिच्याशी सगळं बोलावं अशी पत्नी घरात असून तिला नाही, आणि जिला ती सांगायलाच हवी होती तिला तर नाहीच. ऑटोक्लेव्हचं जड झाकण उघडलं की जी पांढरी वाफ उसळते तिच्यात करपलेल्या पालकाचा, तळ्यातल्या गाळाचा आणि तापलेल्या रबराचा मिळून एक गंध असतो. काचपात्रांत वाढवलेली शेवाळं, म्हणजे आमची कल्चरं, जुनी झाली की अशी वाफेत शिजवून मगच टाकायची असतात, त्यामुळे हा वास आमच्या प्रयोगशाळेला नवा नाही. विद्यार्थी नाक मुरडतात, पंखा वाढवतात, ‘आज मेसची भाजी इथंच लागली वाटतं’ असं कुणीतरी म्हणतं. मी खिडकी उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहतो. सरांना दम्याचा त्रास आहे, असा त्यांचा समज आहे आणि मी तो कधी दूर केलेला नाही.

खिडकीबाहेर नाशिकचे ऋतू आपापल्या गंधाने येतात आणि जातात. माघात द्राक्षबागांवरच्या गंधकाचा उग्र दरवळ, चैत्रात गंगापूर रस्त्यावरच्या कडुनिंबांचा कडसर-गोड मोहोर, भाद्रपदात नदीकडून येणारी, भिजलेल्या दगडासारखी जड हवा. आत मात्र ऋतू नसतात. कल्चरच्या खोलीत बारा महिने एकच गारवा, ट्यूबलाइटचा एकच निर्विकार उजेड. ठरल्या वेळी उजाडतं, ठरल्या वेळी मावळतं, आणि काचेच्या फडताळांवर ओळीने मांडलेल्या फ्लास्कांमधून हिरवा, निळसर, पोपटी, गढूळ शेंदरी असे रंग कुणालाही न विचारता वाढत राहतात. तरुणपणी मला या खोलीत बसून राहायला आवडत असे. देवघरात बसल्यासारखं वाटायचं. अलीकडे बसवत नाही. पाच मिनिटांत उठतो, फडताळाशी जातो, चिठ्ठ्या सरळ करतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठतो.

वनस्पतींच्या आणि शेवाळांच्या रसायनावर काम करणारी माझी पीएच.डी.ची मुलं मला पाठीमागे ‘सोवळे सर’ म्हणतात. लॅमिनारच्या काचेआड, त्या स्वच्छ हवेच्या झोतासमोर बसण्याआधी हातावर अल्कोहोल घेण्याची माझी रीत त्यांना पंचवटीतल्या गुरुजींच्या आचमनासारखी वाटते. एका फ्लास्कला लागलेली, द्रव उचलायची पिपेट दुसऱ्याला लागली तर मी आवाज न चढवता ती संपूर्ण ओळ टाकून द्यायला लावतो. बाहेरच्या परीक्षकांनी एकदा कौतुकाने म्हटलं होतं, की इतकी निर्मळ प्रयोगशाळा त्यांनी क्वचित पाहिली. मी नम्रपणे मान लववली. ही निर्मळता कुठून आली हे त्यांना सांगण्याची ती जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्यापाशी अशा जागा कधीच नसतात.

मी स्वतः पीएच.डी. करत असताना सुरेखा माझ्या मागाहून दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत आली. मखमलाबादच्या माळ्यांची मुलगी. घरी झेंडू, शेवंती आणि थोडी भाजी. तिच्या ओढणीला कायम फुलांच्या करंड्यांचा वास असे आणि सकाळी पंचवटीच्या बाजारात वडिलांची फुलं उतरवूनच ती प्रयोगशाळेत येत असे. आमच्या मॅडम, म्हणजे आमच्या दोघांच्याही गाईड, तिला विषय सुचवत होत्या. पण तिने स्वतःचा विषय बाटलीत भरून आणला. त्यांच्या मळ्यात एक जुना दगडी हौद होता. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की त्याच्या भिंतींवरचं शेवाळ काळ्या पापुद्र्यासारखं सुकून जाई, कागदासारखं चुरचुरत राही, आणि मोटर सुरू होऊन पाणी चढलं की तासाभरात पुन्हा निळंहिरवं होऊन डोलू लागे. लहानपणापासून ती हे पाहत आली होती. तिचा प्रश्न साधा होता: मरून पडल्यासारखं दिसणारं हे शेवाळ सुकता सुकता आपल्या आत असं काय तयार करतं, की पाणी लागताच ते उठून बसतं?

त्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हाताशी येत चाललं होतं. काचेच्या तबकडीत तिने वाळवलेला पापुद्रा आम्हा सगळ्यांसमोर पाण्याने भिजवला होता आणि आम्ही चहाचे पेले हातात धरून तो हिरवा होताना पाहिला होता. सुकतानाच्या अवस्थेत त्याच्यात एक विशिष्ट साखर साठते, हे तिने पुन्हापुन्हा मोजून दाखवलं होतं. वाळवलेलं सगळं ती त्या मोजणीसाठी खलात कुटून वापरून टाकत असे. साठवून ठेवण्याची गरजच नव्हती, शेवाळ तर फ्लास्कमध्ये जिवंत होतं आणि हौद घरी होता.

माझं शेवाळ त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरच्या भातखाचरातलं. दिसायला तिच्याच गोतातलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही मण्यांच्या माळांसारखी. स्वभावाने मात्र आडदांड. तिचं शेवाळ महिनाभर रेंगाळे तेवढ्यात माझं फ्लास्क भरून काठाला येई. म्हणून प्रयोगशाळेत एक दंडक होता, आणि तो कुठे लिहिलेला नसूनही सगळे पाळत: नव्या पोषक पाण्यात, म्हणजे माध्यमात, रोपण करताना सावकाश वाढणारं आधी हाताळायचं, धसमुसळं शेवटी, आणि जुने फ्लास्क नवे नीट वाढीला लागेपर्यंत टाकायचे नाहीत. नवऱ्या मुलाआधी म्हाताऱ्यांना वाढावं तसं, असं मॅडम म्हणत.

त्या फाल्गुनात तिच्या थोरल्या भावाचं लग्न निघालं. ती आठवडाभर येणार नव्हती आणि तिच्या कल्चरांची रोपणाची वेळ नेमकी त्यातच येत होती.

“दादा, माझी तेवढी बदलून ठेवाल?” तिने विचारलं. “पण आधी माझं, मग तुमचं. तुमचं पोरगं लय दांडगट हाय.”

“आणि तुझं?”

“माझं लाजाळू. आणि आता तर पोरकं पण. मांडवाला जागा पाहिजे म्हणून भावाने हौद पाडला काल. आता काय आहे ते तुमच्या फडताळावर.”

ती हसत होती. हळदीची गडबड तिच्या चेहऱ्यावर आधीच चढली होती. मी म्हटलं, “जा गं. लग्न खा, मला बुंदी आण.”

आता जे लिहायचं आहे तिथे माझी लेखणी वर्षानुवर्षं अडत आली आहे. रोपणाच्या दिवशीच सायंकाळी मला सिन्नरला मुलगी बघायला जायचं होतं. इस्त्री केलेला फिकट निळा सदरा मी प्रयोगशाळेच्या खुंटीला टांगून ठेवला होता आणि लॅमिनारसमोर बसल्या बसल्या माझं अर्धं लक्ष त्या सदऱ्याकडे होतं. निर्जंतुक केलेल्या पिपेटी संपत आल्या होत्या. नव्या तयार करायच्या तर ऑटोक्लेव्ह लावून थांबावं लागलं असतं आणि एस.टी. निघून गेली असती. मी माझ्या प्रयोगाचं नुकसान होऊ नये म्हणून माझं शेवाळ आधी घेतलं. मग तीच पिपेट ज्योतीवरून वरवर फिरवून तिच्या फ्लास्कमध्ये घातली. एकात, दुसऱ्यात, सगळ्यांत. त्या क्षणी मला काही वाटलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. वाटलं होतं. एवढ्याने काय होतंय, असंही त्याच क्षणी वाटलं होतं. जाताना काम पुरं केल्याच्या समाधानाने मी तिचे जुने फ्लास्क टाकाऊ भांड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले, सदरा बदलला आणि निघालो.

सिन्नरच्या त्या घरात पोहे आले, वेलची घातलेला चहा आला, आणि जिच्याशी पुढे माझं आयुष्य बांधलं गेलं ती मुलगी मान वर करून सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, “शेवाळावर काय शोधता? घसरतात लोक त्याच्यावर.” मी आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आनंदात प्रयोगशाळेचा जिना चढलो तर वाफेचा तो वास जिन्यापर्यंत आला होता. ट्रेमधली भांडी, तिच्या जुन्या फ्लास्कांसकट, शिजून झाली होती. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची सायंकाळ आणि ती सकाळ अशी एकमेकींना चिकटून बसली आहेत, की एकीला हात लावला की दुसरी हलते. म्हणून असेल, मी पत्नीशी आमच्या पहिल्या भेटीबद्दल फारसं बोलत नाही. तिला वाटतं, मी विसरलो.

सुरेखा परत आली ती बुंदीचा डबा आणि मेंदीचे तपकिरी तळवे घेऊन. फ्लास्क पाहून ती हरखली. “दादा, तुमचा हात लागला आणि बघा कसं तरारलं.” मीही हसलो. काही दिवसांनी तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. मण्यांच्या माळेत, रंगहीन पेशीच्या दोन्ही अंगांना, लांबट दाणेदार बीजाणू दिसत होते. आपल्या मुलाची चाल गर्दीत पाठमोरी ओळखू यावी तसे मी ते ओळखले. ते माझे होते.

“हे आधी नव्हते,” ती म्हणाली. बीजाणूंचा अभ्यास हा माझा प्रांत, म्हणून तिने मला विचारलं होतं.

“नव्या माध्यमात येतात कधी कधी,” मी म्हणालो.

एवढंच वाक्य. उच्चारायला श्वासभरही लागला नाही. तिने मान हलवली, कारण माझ्यावर विश्वास न ठेवण्याचं तिला काही कारण नव्हतं, आणि ती पुढच्या कामाला लागली.

पावसाळा येईतो तिचं शेवाळ त्या फ्लास्कांमधून संपूर्ण नाहीसं झालं असणार. पापुद्रा वाळवला की तो वाळूनच राही. पाणी घातलं तर उकळून उरलेल्या चहापत्तीसारखा एक तपकिरी गाळ तबकडीच्या तळाशी बसे. साखर मोजायला जावं तर काटा जागचा हलत नसे. तिने पाणी बदललं, क्षार बदलले, दिव्यांची उंची बदलली. शेजाऱ्यांच्या हौदांतून, विहिरींच्या पायऱ्यांवरून, गोदेच्या घाटांवरून नमुने खरवडून आणले. त्यांत तिचं ते शेवाळ नव्हतं. आणि या साऱ्या शोधात मी तिच्याबरोबर होतो. हे मला सर्वांत कठीण जातं लिहायला. मी तिच्या शेजारी बसून शक्यता सुचवत होतो. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र तपासू या का, असं मीच म्हटलं होतं. हरवलेली वस्तू स्वतःच्या खिशात ठेवून घरभर तिच्यासाठी वाकून पाहणाऱ्या माणसासारखा मी वाकत होतो, आणि ती माझे आभार मानत होती.

मग तिने हात धुवायला सुरुवात केली. आधी नेहमीसारखे, मग पुन्हा, मग कोपरापर्यंत. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. त्यांत अल्कोहोल झोंबे आणि ती ओठ मिटून घेई. एके दुपारी मॅडम सर्वांसमोर, मुळीच कठोर नसलेल्या सुरात म्हणाल्या, “सुरेखा, कदाचित आधीचेच निकाल चुकले असतील. मोजताना काहीतरी झालं असेल तुझ्याकडून.” ती माझ्या बोलण्याची जागा होती, अगदी पाट मांडून ठेवलेली. मी समोरच्या तराजूचं पारडं पुसत राहिलो. शेवटी सुरेखाच म्हणाली, “असेल मॅडम. माझ्याच हाताचं काहीतरी.” आम्ही सर्वांनी तिच्यासमोर तो पापुद्रा हिरवा होताना पाहिला होता, तरी पुढच्या काही महिन्यांत प्रत्येकाला वाटू लागलं, की आपण पाहिलं ते नीट पाहिलं नसावं. तिलाही तसंच वाटू लागलं. नंतरच्या उन्हाळ्यात तिने नोंदणी रद्द केली. तिचं लग्न ठरलं, फुलांची रोपं विकणाऱ्या घरात. निरोपाच्या दिवशी तिने माझ्या प्रबंधाच्या सबमिशनसाठी मला पेन दिलं.

मी का बोललो नाही, याचं उत्तर मला अजून एकसंध देता येत नाही. आधी वाटलं, खात्री नाही. मग वाटलं, सबमिशन झालं की सांगू. मग नोकरी लागली आणि वाटलं, आता सांगून तिला काय मिळणार. चूक एका क्षणाची होती. पण मौन हे कल्चरसारखं असतं, ते आपोआप टिकत नाही. दर थोड्या काळाने ते नव्या सबबीत रोपावं लागतं, त्याला उजेड-अंधार द्यावा लागतो. मी ते काम एकदाही चुकवलं नाही. मौन जिवंत ठेवण्यात माझा हात खरोखर स्वच्छ होता.

यंदाच्या चैत्रात एका सकाळी तेजस, माझा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, केबिनच्या दारात उभा राहिला. “सर, माझ्याकडून घोळ झाला. काल प्राजक्ताच्या फ्लास्कला माझी पिपेट लागली. तिला सांगितलंय.” त्याच्यामागून प्राजक्ताचा आवाज आला, “सर, याच्या हाताला पंचवटीतल्या रिक्षाचा गुण आहे, दिसेल तिथं घुसतो.” “मग तू गल्लीत उभी कशाला राहतेस?” तो म्हणाला. बाकीची मुलं हसली. प्राजक्ताने दंड म्हणून त्याच्याकडून मिसळ कबूल करून घेतली, दोघांनी मिळून ते फ्लास्क टाकले, राखीव नळीतून पुन्हा सुरुवात केली, आणि चहा येईपर्यंत विषय संपलाही होता. मी दार लावून घेतलं. एवढंच होतं का ते? एवढ्यात झालं असतं? आयुष्यभर मी ज्या डोंगराला वळसा घालत आलो तो कुणीतरी गप्पा मारत ओलांडून गेलं होतं. त्या दिवशी मला एका जागी बसता येईना. व्याख्यान अर्ध्यावर सोडून मी बाहेर पडलो, रामकुंडापलीकडच्या पायऱ्यांवर गेलो, तिथेही बसलो नाही; पाण्याच्या कडेला दगडांवर निळसर-हिरवी साय धरली होती आणि नुकतं न्हालेलं एक माणूस त्यावरून जपून पाय टाकत होतं. मी बाजारातून फिरलो, कोथिंबिरीच्या जुड्या उगाच उचलून ठेवल्या. घरी पत्नी म्हणाली, “काय हो, पायाला भिंगरी लागलीये का?”

रविवारी मी सिन्नर रस्त्याला लागलो. सुरेखाची रोपवाटिका त्या रस्त्यावर आहे हे मला अनेक वर्षं ठाऊक होतं, एस.टी.च्या, मग स्वतःच्या गाडीच्या खिडकीतून मी तिचा हिरवा शेडनेट ओळखत आलो होतो. आत शिरलो तेव्हा ती ओणवी होऊन गुलाबाच्या कलमांना माती लावत होती. वर पाहिलं, क्षणभर ओळखलं नाही, मग कपाळावरचा हात काढून म्हणाली, “अगं बाई, दादा! या या. लय दिवसांनी वाट चुकलात.” तिच्या केसांत रुपेरी बटा होत्या आणि बोटांना ओली माती. तिने प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. चहा घेऊन आली ती तिची मुलगी, सायली. आईसारखीच रुंद कपाळाची, नुकतीच एम.एस्सी. झालेली.

“बरं झालं आलात,” सुरेखा म्हणाली. “हिला तुम्हीच समजावा. विद्यापीठाची ती पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा दिली न सांगता, पास पण झाली. माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीचं बोलावणं आलंय, चांगलं तपासणीचं काम आहे, ते सोडून म्हणते शेवाळावरच काम करायचं.”

“मग करू दे की,” मी म्हणालो.

“नको दादा. तो हात आमच्या घरात नाही. तुम्ही तर पाहिलंय. वर्षभर तुम्ही माझ्याबरोबर राबलात, तरी सापडलं नाही काय चुकतंय ते. नसतो एखाद्याचा हात. मी रडले नाही त्याचं कधी, पण पोरीने तेच भोगावं असं वाटत नाही.” आणि मग, जे मी आजही जागेपणी ऐकतो ते: “तुमचं ऐकेल ती.”

सायली मातीच्या कुंडीकडे पाहत उभी होती. मधे कुणी गिऱ्हाईक आलं नाही, फोन वाजला नाही. शेडनेटमधून गाळून आलेलं ऊन आमच्या तिघांवर हिरव्या जाळीसारखं पसरलं होतं आणि ओल्या मातीचा, शेणखताचा, मोगऱ्याच्या कळ्यांचा वास होता. बोलायला अवघी दुपार होती. “सुरेखा, मी आलो होतो ते...” मी सुरू केलं. “बोला ना,” ती म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी जुनी, इतकी निर्धास्त माया होती, की ती मोडण्याची मला भीती वाटली. आणि ती भीती तिच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती, हेही मला तिथेच कळलं.

“कढीपत्त्याचं रोप आहे का?” मी विचारलं.

तिने चांगलं फुटलेलं रोप निवडून दिलं. वाढेल, म्हणाली, पाणी बेतानं घाला.

चार दिवसांनी सायली एकटीच प्रयोगशाळेत आली. आईला सांगून आली होती की चोरून, हे मी विचारलं नाही. प्राजक्ताने तिला कल्चरची खोली दाखवली. फडताळांसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि काचेला बोट न लावता एकेका रंगावरून नजर फिरवत गेली. तिच्या त्या उभं राहण्यात मला तिची आई दिसली, मळ्याच्या हौदाकडे पाहणारी. मग तेजसने तिला लॅमिनारसमोर बसवलं, “घे, कर एक रोपण, काही होत नाही.” ती बेसिनकडे गेली. हात धुतले, पुसले, परत येऊन बसली, पिपेटकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा उठली, पुन्हा बेसिनकडे गेली. नळाचा आवाज फार वेळ येत राहिला. परत आली तेव्हा कोपरापर्यंत ओली होती.

“राहू दे, मी मोजमापाचं काम शिकेन,” ती तेजसला म्हणाली. “कल्चरला आमचा हात चालत नाही.”

“हाताचं असं काही नसतं,” मी दारातून म्हणालो.

तिने वळून पाहिलं आणि आदराने हसली. “आई म्हणते, तुम्ही तिलापण असंच म्हणायचात, सर. धीर द्यायला.”

जाताना तिने सांगितलं, की कंपनीला उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, आणि आईच्या मनाविरुद्ध ती इथे येणार नाही. “आईला पटलं तर येईन. पण तिला पटायला कारण काय देऊ?”

तेव्हापासून मी बेचैन आहे. चूक एका पिढीत विरून जाते असा माझा समज होता. ती फार तर माझ्या छातीत उरते, बाहेर तिचं काही शिल्लक राहत नाही, असं मी धरून चाललो होतो. ती एका मुलीच्या ओल्या कोपरापर्यंत पोहोचलेली मी पाहिली. जे कारण ती मागते आहे ते या जगात केवळ माझ्यापाशी आहे, आणि मी ते इथे, अनोळखी वाचकांना, सुबक वाक्यांत सांगतो आहे. याने मला थोडं हलकं वाटतं आहे आणि त्या हलकेपणाची मला लाज वाटते; कारण लिहिणं हेही पुन्हा एक नवं माध्यमच आहे, ज्यात मी माझं मौन रोपू शकतो. हा मजकूर छापून सुरेखापर्यंत जाण्याची वाट पाहिली तर ते आणखी एकदा पाठ फिरवणं होईल. काल पत्नीने विचारलं, “त्या सुरेखाताईंकडे परत कधी जायचं? मलाही मोगरा आणायचाय.” मी म्हणालो, जाऊ. मग तिलाही माझ्या शेजारी बसून ऐकावं लागेल, त्या निळ्या सदऱ्यासकट. गाडीची किल्ली मी दोनदा हातात घेतली आणि ठेवली. आज महिन्याचा शेवटचा आठवडा सुरू झाला आहे.

सुरेखाचं मी देणं लागतो. तिच्या समोर बसून, तिच्या मुलीच्या देखत, मला सांगायचं आहे की तिचे निकाल खरे होते, तिचं शेवाळ माझ्या पिपेटने मेलं, आणि ते मला तेव्हापासून ठाऊक होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.